आपला फोटो काढतंय कोण?

अंबडच्या कारखान्यांत आपली कितीतरी पोरं पाळीवर जातात. पण पेपरात मुसलमानाचा फोटो येतो तो ईदच्या नमाजचा, नाहीतर दंगलीनंतरच्या गल्लीचा. डबा घेऊन कामावर निघालेला माणूस त्यात क्वचितच असतो. म्हणून आम्हाला सूनी तारापोरवाला यांची वाटचाल महत्त्वाची वाटते.

शेकडो वर्षांपूर्वी इराणातून आलेल्या पारशी समाजातल्या या बाई १९५७ साली मुंबईत जन्मल्या. लोक त्यांना ओळखतात ते 'सलाम बॉम्बे!'च्या (१९८८) पटकथेमुळे. पण त्याआधीपासूनच त्या आपल्या घरातल्या वडीलधाऱ्यांचे, समाजातल्या साध्या माणसांचे फोटो काढत होत्या. त्यांचं पुस्तक २००० साली आलं. फोटो त्यांचे आणि मजकूरही त्यांचाच! २०१४ मध्ये पद्मश्री मिळाली.

पारशी २००१ च्या जनगणनेत ६९,६०१ होते, २०११ मध्ये ५७,२६४ उरले. घटत्या समाजाला आठवण जपावीच लागते, आपण तर कोट्यवधी आहोत, असं कुणी म्हणेल. आम्हाला ते पटत नाही. भाड्यानं घर मागायला गेलं की घरमालकाच्या डोक्यात आपला आकडा नसतो, पेपरातला तोच फोटो असतो.

मोबाइल आज प्रत्येक पोराच्या खिशात आहे. रील्सही भरपूर बनतात. पण फोटोतला माणूस कोण, कुठल्या खात्यात काम करतो, या दोन ओळी खाली लिहायला आपण त्यांना अजून शिकवलेलं नाही.