लाल मुठीची पक्कड



परवा पंखा दुरुस्त करायला वायरमन आला होता. त्याच्या पकडीची लाल मूठ चिरलेली, वर काळी चिकटपट्टी गुंडाळलेली. "शॉक लागेल रे बाळा," म्हटलं, तर हसून म्हणतो, "आजी, प्लॅस्टिक आहे की!"

हाच तो गैरसमज! बाजारातल्या बहुतेक पकडींची मऊ मूठ हाताच्या सोयीसाठी असते, जिवाच्या रक्षणासाठी नव्हे.

१८५७ साली शिकागोत मॅथियस क्लाइनने तारायंत्राच्या कामगाराला मोडकी पक्कड नीट करून दिली, तेव्हा घरोघरी वीज यायची होती. पुढे ती आली आणि मूठच जिवाची राखणदार झाली. तरी अशा अवजारांचं आंतरराष्ट्रीय मानक यायला १९८७ उजाडलं! त्यानुसार प्रत्येक अवजार पाण्यात बुडवून १०,००० व्होल्टला तपासतात. मगच त्यावर दोन त्रिकोणांची खूण आणि '१००० व्होल्ट' हे शब्द येतात.

कुणी म्हणेल, मेन स्विच बंद केला की झालं. करावाच! पण खाली कुणी न बघता चालू केला तर?

वायरमन निष्काळजी असतात म्हणे. आणि आपण? पन्नास रुपयांसाठी त्याच्याशी घासाघीस करायची, मग त्यानं चांगलं अवजार घ्यायचं कशातून?

असो. मी त्याला दोन त्रिकोणांची पक्कड घेऊन दिली. उपकार नव्हेत हे. तो जीव धोक्यात घालत होता, तो माझ्याच पंख्यासाठी.

बघा पटतंय का.