चौथी माची

कचेरीत दुसऱ्यांच्या हिशेबातल्या चुका काढण्याचा मला पगार मिळतो. ही सवय जोड्यांबरोबर दाराबाहेर ठेवावी, हे मला जरा उशिराच कळले.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीत, डोंबिवलीच्या आमच्या अंगणात, चिरंजीवांनी चार दिवस खपून राजगड केला. रात्री साडेनऊला लोकलमधून उतरून घरी आलो, तर स्वारी झोप आवरून माझी वाट पाहत बसलेली. किल्ला पाहताच मी म्हणालो, "अरे, राजगडाला माच्या तीन. पद्मावती, सुवेळा, संजीवनी. तुझ्या दोनच!"

तो काही बोलला नाही. पण पुढे वर्षभर चित्र म्हणू नका, वही म्हणू नका, त्याने मला काही दाखवले नाही. सारे आईकडे.

गेल्या वसुबारसेला मी रजा टाकली, विजार गुडघ्यापर्यंत दुमडली आणि म्हणालो, "त्या वेळी माझं चुकलं. आता मी काय करू?"

त्याने माझ्याकडे नीट पाहिले. मग बादली पुढे केली. "बाबा, तुम्ही नुसतं पाणी आणा."

आणले. माच्या चार झाल्या. मी अवाक्षर काढले नाही.

यंदा माती चाळण्याचे कामही मला मिळाले आहे. बढतीच म्हणायची!