युनिस कधीच बदलत नाही

व्यक्तिरेखांवरील प्रश्नाच्या उत्तरात दरवर्षी एक वाक्य हमखास भेटते : विनोदी पात्र सपाट असते, म्हणून ते दुय्यम असते. वाक्याचा पूर्वार्ध ई. एम. फॉर्स्टरच्या १९२७ सालच्या कादंबरीविषयक व्याख्यानांतून आलेला आहे. उत्तरार्ध मात्र आम्हा अध्यापकांचा. तो तपासून पाहायला हवा असे वाटू लागले ते एका अमेरिकी प्रहसनमालेमुळे.

‘द कॅरल बर्नेट शो’ हा गाणी, नृत्ये आणि छोटी प्रहसने यांचा साप्ताहिक कार्यक्रम १९६७ ते १९७८ या काळात सीबीएस वाहिनीवर चालला. डिक क्लेअर आणि जेना मॅकमॅहन या लेखकद्वयाने रचलेले ‘द फॅमिली’ हे कुटुंब १९७४ पासून त्यात अधूनमधून येऊ लागले. मोठ्या रंगमंचाची स्वप्ने पाहणारी युनिस, तिचा नवरा एड आणि तिची आई ‘मामा’. लेखकांनी मामाची भूमिका बर्नेटसाठी योजली होती, पण तिने युनिस निवडली. मामा झाली व्हिकी लॉरेन्स, जी या ‘मुली’पेक्षा सोळा वर्षांनी लहान होती. म्हणजे मुखवटा उघडउघड मुखवटाच होता.

प्रत्येक प्रहसनाचा घाट ठरलेला : तक्रार, टोमणा, भडका. एकदा हे कुटुंब ‘सॉरी’ नावाचा पटावरचा खेळ खेळते. एकमेकांची मनापासून क्षमा मागणे ज्यांना जमत नाही, त्यांना खेळाच्या नियमानेच तो शब्द उच्चारावा लागतो! दुसऱ्या एका प्रहसनात युनिस ‘द गाँग शो’ या हौशी कलावंतांच्या स्पर्धेत गायला जाते आणि गाणे पुरे होण्याआधीच बाद ठरते. तिथे आपले हसू घशात अडकते.

फॉर्स्टरच्या मते गोलाकार पात्र आपल्याला पटेल अशा रीतीने चकित करू शकते. या कसोटीवर युनिस नापासच होईल, कारण तिचा शेवट आपल्याला आरंभीच ठाऊक असतो. परंतु तिचे दुःख नेमके इथेच आहे. कादंबरीच्या नायिकेला शेवटचे प्रकरण लाभते. पुन्हापुन्हा येणाऱ्या पात्राच्या वाट्याला फक्त पुढचा खेळ येतो. आज आलेले शहाणपण त्या खेळापर्यंत टिकून चालत नाही, कारण ते टिकले तर पात्रच संपेल. प्रहसनाची ही तांत्रिक गरज ‘द फॅमिली’ने माणसाची अवस्था करून दाखवली. एका तालमीत नटांनी दक्षिणी हेल बाजूला ठेवून तीच संहिता साधेपणाने म्हटली, तेव्हा ती विलक्षण दुःखद वाटली, अशी आठवण बर्नेटने सांगितली आहे. शब्द तेच होते.

१९८२ च्या ‘युनिस’ या दूरचित्रपटाच्या अखेरच्या भागात मामाचे निधन झालेले आहे. १९८३ मध्ये ‘मामाज फॅमिली’ सुरू झाली, तेव्हा मामा पुन्हा हजर! याला केवळ व्यावसायिक सोय म्हणता येईल. पण मुखवट्याला मरणही बदलू शकत नाही, हेही त्यातून दिसते.

अर्थात, पुनरावृत्तीतून नेहमीच खोली येते असे नाही. याच कार्यक्रमातील मिस्टर टडबॉल आणि त्याची ढिम्म सचिव मिसेस विगिन्स ही जोडी मनसोक्त हसवते, त्यापलीकडे फारसे काही मागत नाही. त्यातही कमीपणा कसला? खुद्द फॉर्स्टरने सपाट पात्रांना हिणवलेले नाही. डिकन्सच्या संदर्भात, सपाटपणात कठोर समीक्षक मानतात त्याहून अधिक काही असावे, अशी कबुली त्याने दिली आहे. ‘सपाट’ हे वर्णन होते. आम्ही त्याची प्रतवारी करून टाकली आणि त्या प्रतवारीला गुण देत राहिलो.

म्हणून ‘हे पात्र बदलत नाही’ एवढे लिहून विद्यार्थी थांबला, तर त्याला पुढचा प्रश्न विचारायला हवा : का बदलू शकत नाही? युनिसपुरते त्याचे उत्तर शोधताना आपण शोकात्मिकेच्या दाराशी येऊन उभे राहतो.