लोगोत सगळंच घालायचं नसतं

आम्ही पाच जणांनी एक ऑनलाइन प्रशिक्षण वर्ग काढायचं ठरवलं. सरकारी कार्यालयात अर्ज कसा लिहायचा, माहिती अधिकार कसा वापरायचा, घटनेनं भाषिक अल्पसंख्याकांना नेमकं काय दिलंय, हे सीमाभागातल्या पोरापोरींना शिकवायचं. आठ रविवार, फी नाही. धडे तीन दिवसांत ठरले. लोगोवर मात्र आम्ही तीन आठवडे भांडलो.

हसू नका. मी राज्यशास्त्राची विद्यार्थिनी आहे, आणि त्या भांडणात मला राज्यशास्त्रच दिसलं. हा वर्ग कुणाचा, कुणासाठी, आणि कुणाला दारातच परत पाठवणार, याचा निकाल पहिला धडा सुरू व्हायच्या आधी लोगोच लावून टाकतो.

आमच्या पहिल्या लोगोत काय नव्हतं? भगवा होता, आवळलेली मूठ होती, सीमाभागाचा नकाशा होता, मागे किल्ला, त्यावर शिवाजी महाराजांची छबी, आणि खाली कमानीसारखं वर्गाचं लांबलचक नाव. लॅपटॉपवर भारी दिसत होतं. व्हॉट्सअ‍ॅपच्या गोल डीपीत टाकलं आणि उरला एक भगवा ठिपका. यूट्यूब चॅनलच्या चित्रासाठी ८०० बाय ८०० पिक्सेलची प्रतिमा मागतं आणि दाखवतं साधारण ९८ बाय ९८ मध्ये. आपली माणसं हा लोगो फोनवर, बसमध्ये, अंगठ्याच्या नखाएवढा बघणार. तेवढ्या जागेत सत्तर वर्षांचा इतिहास मावत नाही.

मग एकानं एआयला सांगून लोगो काढून घेतला. चित्र झकास, पण अक्षरं देवनागरीसारखी दिसणारी नुसती वळणं. दुसऱ्यानं जुन्या सॉफ्टवेअरमध्ये नाव टाइप केलं, तर वेलांटी पुढच्या अक्षराला जाऊन बसली आणि ‘प्रशिक्षण’चं ‘प्रशक्षिण’ झालं. मराठी पाटीसाठी आपण भांडणार आणि आपल्याच लोगोत मराठी मोडलेली! घटनेच्या कलम २९(१) मध्ये भाषेबरोबर ‘लिपी’ हा शब्द मुद्दाम आहे. वेगळी भाषा, लिपी किंवा संस्कृती असलेल्या नागरिकांना ती जतन करायचा हक्क आहे. हक्क कागदावर आहे, पण वेलांटी जागेवर आहे का ते आपणच बघायचं. उपाय अवघड नाही. मुंबईच्या एक टाइपनं काढलेला ‘मुक्त’ फाँट फुकट मिळतो, इंकस्केप हे सॉफ्टवेअरही फुकट आहे. त्यात नाव लिहायचं, शुद्धलेखन दोघांनी तपासायचं आणि मग अक्षरांचं रेषांत रूपांतर करायचं. म्हणजे दुसऱ्याच्या मशीनवर ती मोडत नाहीत.

तिसरी गोष्ट मला अभ्यासक्रमातून कळली. १९५० चा बोधचिन्हं आणि नावांच्या गैरवापराविरुद्धचा केंद्राचा कायदा आहे. व्यापार, धंदा, पेशा यासाठी किंवा ट्रेडमार्क-डिझाइनमध्ये काही नावं आणि चित्रं केंद्राच्या परवानगीशिवाय वापरता येत नाहीत. त्या यादीत छत्रपती शिवाजी महाराजांचं नाव आणि चित्र आहे. अशोकस्तंभाच्या सिंहांसाठी तर २००५ चा वेगळा कायदाच आहे. ‘घटना शिकवतोय तर सिंह टाकूया’ म्हणणाराही आमच्यात एक होता. आमचा वर्ग फुकट आहे, धंदा नाही, असा वाद घालता येईल. पण कायदा शिकवणाऱ्यांनी पहिल्याच दिवशी कायद्याच्या कडेवरून कशाला चालायचं?

हे सगळं ठीक. पण माझं मत बदललं ते एका मुलीमुळं. खानापूर तालुक्यातली, कंत्राटावर डेटा एंट्री करते. तिला लोगो पाठवला. ती म्हणाली, “ताई, वर्ग मला पायजेच. पण हे चित्र स्टेटसला ठेवलं की उद्या ऑफिसात विचारतील, मोर्चाला गेल्तीस काय म्हणून.” ती भित्री नाही. तिच्या पगारावर घर चालतं. ज्या मुलीला अर्ज लिहायला शिकायची सर्वांत जास्त गरज, तिलाच आमचा लोगो बाहेर ठेवत होता.

आमच्या गल्लीतल्या एका काकांना मी हे सांगितलं. चळवळीत आयुष्य गेलेला माणूस. ते म्हणाले, “भगवा काढलास तर आपलं काय राहिलं गं?” त्यांचा प्रश्न खोटा नाही. १९५६ पासून ज्यांनी लाठ्या खाल्ल्या, तुरुंग बघितले, त्यांच्यामुळं आपण आज मराठीत भांडतोय. पण झेंडा आपण कोण आहोत ते सांगतो. वर्गाच्या लोगोनं तिथं काय शिकायला मिळणार ते सांगायला पाहिजे. चळवळीचा इतिहास पहिल्या धड्यात पूर्ण एक तास आहे. डीपीत तो कोंबायची गरज नाही.

आणि शिकायचं थोडं नाही. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ६(१) प्रमाणे अर्ज इंग्रजीत, हिंदीत किंवा त्या भागाच्या राजभाषेत करायचा असतो. आपल्याकडं राजभाषा कन्नड. पण गाऱ्हाणं मांडणारं निवेदन संघराज्यात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कुठल्याही भाषेत द्यायचा हक्क कलम ३५० देतं. कुठला कागद कुठल्या भाषेत द्यायचा, एवढा फरक कळला तरी चार हेलपाटे वाचतात. तो कळण्यासाठी माणूस आधी आत यायला पाहिजे.

शेवटी आम्ही काय काढलं? कोपरा दुमडलेला एक कागद आणि त्यावर एकच अक्षर: ळ. एकाच रंगात.

ळ का? १ नोव्हेंबर २०१४ ला बेळगावचं सरकारी नाव बेळगावी झालं. नाव बदललं, पण मधला ळ तसाच राहिला. कन्नडमध्ये लिहितानाही तिथं त्यांचा ळच येतो. म्हणजे ज्या नावावरून आपण भांडतो, त्यात हे अक्षर दोघांचं आहे. तिकडं इंदूरमध्ये होळकरांचं हिंदीत होलकर झालं. ळ जपणं म्हणजे काय, ते तिथल्या मराठी घरांना वेगळं सांगायला नको. आणि साधं कारण म्हणजे शाळा, फळा, ओळख, कळणं, सगळ्यांत तो आहे. दोन गोल पोटांचा आकार नखाएवढ्या जागेतही ओळखू येतो.

मग परीक्षा घेतली. लोगो झेरॉक्स काढून बघितला, काळा-पांढरा चालला. फोन हातभर लांब धरून बघितला. वर्गाला येऊ शकतील अशा दहा जणांना काही न सांगता विचारलं, “हे कशाचं वाटतंय?” बहुतेकांनी ‘अर्ज’ किंवा ‘शाळेचं काहीतरी’ म्हटलं. एकालाही मोर्चा वाटला नाही. खानापूरच्या त्या मुलीनं संध्याकाळी तो स्टेटसला ठेवला.

तुमच्या गावात, निपाणीत, कारवारात, वडोदऱ्यात असा वर्ग काढणार असाल तर एवढंच सांगते. ‘लोगोत काय काय टाकायचं?’ हा प्रश्न मागं ठेवा. ‘हा लोगो फोनवर ठेवायला कुणाला अडचण होईल?’ हे आधी विचारा, आणि त्या माणसालाच जाऊन विचारा.

काकांना नवा लोगो दाखवला. चष्मा वर करून बराच वेळ बघत बसले. मग म्हणाले, “बरं हाय. तेवढा ळ जरा ठळक कर की, मला लांबनं दिसला पायजे.”

केला.