पाठ आधी, पडदा मागून

वाचकहो, आपल्यापैकी पुष्कळजण शिक्षक असतील. इतरांची मुले शाळेत जात असतील. पाठाला उपयोगी पडेल असे साहित्य आता इंटरनेटवर विपुल मिळते. परंतु पडदा लावला म्हणजे पाठ झाला, असे मात्र नव्हे. मुले पाहतात, रमतात आणि तास संपताच विसरून जातात.

विजेच्या परिपथाचा पाठ घ्या. नोबेल पारितोषिकाचे मानकरी पदार्थवैज्ञानिक कार्ल वीमन ह्यांनी २००२ साली अमेरिकेतील कोलोराडो विद्यापीठात ‘फेट’ हा उपक्रम सुरू केला. त्याच्या संकेतस्थळावर घट, तारा आणि दिवे पडद्यावरच जोडून पाहता येतात.

प्रयोग उघडण्यापूर्वी मुलांना विचारावे, “ह्या दिव्याला एकसर जोडणीने दुसरा दिवा जोडला, तर पहिल्याचा उजेड वाढेल, की घटेल?” प्रत्येकाने आपला अंदाज वहीत लिहावा. मगच जोडणी करून दाखवावी. दोन्ही दिवे मंद झालेले दिसले, की ‘असे का?’ हा प्रश्न मुलेच विचारतील. समांतर जोडणीत ते पुन्हा उजळतील. खरा पाठ तेथून सुरू होतो.

प्रयोग आदल्या दिवशीच उतरवून घ्यावा, म्हणजे ऐन वेळी खोळंबा होत नाही. शेवटी खरा घट व छोटे दिवे मुलांच्या हाती द्यावेत. घरच्या विजेवर मात्र हा प्रयोग कदापि करू नये.

आणि पालकहो, संध्याकाळी मुलाला एवढेच विचारा, “आज तुझा कोणता अंदाज चुकला?”