हायड्रोजनचा हिशेब

आमच्या खालच्या मजल्यावरचे काका नवी गाडी घ्यायचं कधीपासून लांबणीवर टाकताहेत. मार्च 2022 मध्ये नितीन गडकरी हायड्रोजनवर चालणाऱ्या टोयोटा मिराईतून संसदेत गेले, ते दृश्य त्यांच्या मनात बसलंय. "धूर नाही, मागून नुसतं पाणी. घेईन तर तीच!" पार्किंगमध्ये गाठ पडली की हे ठरलेलं. पाण्याचं खरं आहे. पण परवा मी वीजबिलाच्या मागच्या बाजूला आकडेमोड करून कागद त्यांच्या हातात ठेवला.

पाणी फोडून एक किलो हायड्रोजन काढायचा आणि टाकीत दाबून भरायचा, तर 55 ते 60 युनिट वीज जाते. युनिटला 8 रुपये धरा. नुसत्या विजेचेच साडेचारशे झाले. यंत्रं, टँकर, पंप, कर अजून यायचेत. त्या किलोवर मिराई चालते साधारण शंभर किलोमीटर. तेवढीच वीज बॅटरीच्या गाडीत भरली तर तीनशेच्या पुढे जाते. मग वीज मुरते कुठे? थोडी पाणी फोडताना, थोडी दाबताना, आणि गाडीत हायड्रोजनची परत वीज करताना उरलेल्यातली जवळजवळ निम्मी. विजेचा वायू करून त्याची पुन्हा वीज करायची, हा द्राविडी प्राणायाम कशासाठी?

शिवाय हा वायू भरायचा कसा? सीएनजी 200 बारच्या दाबाने भरतात, तरी सिलिंडर अख्खी डिकी खातो. इथे दाब 700 बार, आणि एवढं करून मिराईच्या 142 लिटरच्या टाक्यांत मावतो 5.6 किलो. असे पंप नाक्यानाक्यावर उभे राहत नसतात.

कॅलिफोर्नियाने ते उभारून पाहिले. 2024 मध्ये तिथे किलोचा भाव 36 डॉलरवर गेला होता, म्हणजे टाकी फुल करायला दोनशे डॉलर. त्याच फेब्रुवारीत शेलने तिथले मोटारींसाठीचे आपले हायड्रोजन पंप कायमचे बंद केले.

हायड्रोजन टाकाऊ आहे असं मी म्हणत नाही. खत कारखाने आणि रिफायनऱ्या तो आजही भरपूर वापरतात, पण बहुतेक नैसर्गिक वायूपासून काढलेला. सरकारने 2023 मध्ये 19,744 कोटींचं हरित हायड्रोजन मिशन मंजूर केलं. तो माल आधी तिथे जाऊ दे.

काका, गाडी हवीच असेल तर बॅटरीची घ्या. नाहीतर जुनीची सर्व्हिसिंग करून घ्या. मिराईसाठी थांबू नका.