माळ्यावरची रिव्हॉल्व्हर पणजोबांची की इटलीची?

नसरापूरजवळच्या बनेश्वर मंदिरातील घंटेवर क्रूस आणि १६८३ हे साल आहे. चिमाजी आप्पांनी १७३९ मध्ये जिंकलेल्या वसईतून ती आल्याचे सांगतात. धातूवरच्या खुणा या सांगण्याला आधार देतात. घरातल्या जुन्या हत्याराच्या बाबतीत मात्र आपण खुणा पाहत नाही. गंज दिसला, की ते १८५७ चे ठरते!

ओळखायचे कसे?

काळ्या दारूवर आणि टोपीवर चालणारी रिव्हॉल्व्हर ही एकोणिसाव्या शतकातली. पण १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून इटलीत तिच्या हुबेहूब, बार उडवणाऱ्या प्रतिकृती बनतात. उबेर्ती आणि पिएत्ता ही त्यातली ठळक नावे. कोल्टच्या १८५१ च्या नेव्ही मॉडेलच्या सिलिंडरवर आरमारी लढाईचे चित्र आणि १६ मे १८४३ ही तारीख असते. ती तारीख लढाईची आहे, बनावटीची नव्हे. शिवाय प्रतिकृतीवरही ती उतरवतात.

खरी साक्ष चाचणीच्या ठशांची. इटलीच्या गार्दोने येथील ठशात ढालीवर तारा असतो. 'पीएन' म्हणजे काळी दारू. छोट्या चौकटीत वर्षाचा संकेत असतो : १९५४ साठी रोमन दहा, १९७५ साठी 'एए', पुढच्या वर्षी 'एबी'. मूळ कोल्ट नेव्हीची मुख्य चौकट लोखंडी असे. ती पितळी दिसली तर शंका घ्यावी.

कायदा काय सांगतो?

१९५९ च्या शस्त्र कायद्याचे कलम ४५ जुन्या शस्त्रांना सूट देते. पण ते दुरुस्त करूनही चालवता येणार नाही, अशा स्थितीत असेल तरच. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार पुरावस्तू होण्यासाठी साधारण शंभर वर्षे लागतात. म्हणजे बार उडवू शकणारी प्रतिकृती 'अँटिक' म्हणून विकत घेणाऱ्याचे पैसे तर जातातच, विनापरवाना शस्त्र बाळगल्याचा गुन्हाही अंगावर येऊ शकतो.

म्हणून असे हत्यार सापडले तर घोडा ओढू नका. आत जुनी दारू भरलेली असू शकते. पॉलिश पेपरने घासू नका. ठसे गेले की पुरावा गेला. आहे तिथेच ठेवून पोलीस ठाण्याला कळवा. ठसा इटलीचा निघाला, तर पणजोबांचा मान कमी होत नाही. खोटी वंशावळ सांगत राहणे मात्र इतिहासाचे नुकसान करते.